चुलीजवळच्या घुशी

एकपेरुवे,
११ जानेवारी १९९८

व्रेंदो, रुके.

तुझा मिग्वो, गुडघे टेकून केलेला नमस्कार, पोचला; व्रेंदो, ऊठ आता. तिकडे इबादानला टेबलाशी बसून कागदावर गुडघे टेकतेस, तेही चालेल. तुझे गुडघे तरी शाबूत राहतील.

घुशींचं वाचून मी पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. वाटलं, दुसऱ्या कुणाचं आलं असेल. विद्यापीठात जनावरांच्या डॉक्टरांना शिकवणारी माझी धाकटी बहीण माझ्याकडे मागते काय, तर जिवंत रानघुशी! आणि त्याही कंपनीच्या चुलीजवळ बिळं केलेल्याच हव्यात. बाजारात फासेवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "डॉक्टरीणबाईंना भाजून पाठवू की रस्सा करून?" मी म्हटलं, "जिवंत पाठव." तेव्हा त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की आता सगळ्या गावाला कळलंय, अवेरोची बहीण इबादानला जाऊन चेटूक शिकली. बोलू देत. पुढच्या आठवड्यात ओगागा ड्रायव्हरबरोबर पिंजरा येईल. त्या घुशींच्या मेंदूत तुला काय बघायचंय ते मला समजेल असं लिही. नाहीतर नको लिहूस.

तुझ्या भावोजींचं विचारलंस. शाळा सुटली मास्तरांची. फळ्यावर तारीख घालायला गेले आणि खडू फळ्याला टेकवून तसेच उभे राहिले. पोरं आधी हसली, मग रडायला लागली. मुदियागा म्हणजे घट्ट उभा राहा. आईबापांनी काय नाव ठेवलं बघ. आता चालताना पाय फाकवून टाकतात, ओल्या ओंडक्यावरून ओढा ओलांडावा तसे. सापेलेच्या डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या दिल्या. दिरानं, ओकिएमुतेनं, भगत आणला, तो कोंबडा घेऊन गेला. गोळ्यांचा आणि कोंबड्याचा गुण सारखाच.

माझं चाललंय. तेल काढताना निघणारा, कंपनीला नको असलेला वायू ती आमच्या रानात जाळते, आम्हाला आयती चूल. कसाव्याचा कंद किसायचा, पिळायचा, पाट्यांवर पसरून चुलीपाशी नेऊन ठेवायचा. उन्हात तीन दिवस घेतो तो संध्याकाळपर्यंत खडखडीत. अंगावर काजळी पडते, ती धुतली की जाते. दमायला होतं एवढंच.

अवेरो


इबादान,
२ मार्च १९९८

ताई, मिग्वो.

घुशी मिळाल्या. एक कमी निघाली. ओगागा म्हणतो उकाड्यानं मेली, पण हे सांगताना तो दात कोरत होता.

तू समजेल असं लिही म्हणालीस, प्रयत्न करते. मातीची भिंत घालताना आपण आधी काठ्यांचा सांगाडा उभा करतो, मग चिखल भरतो. मेंदूतल्या मज्जापेशीच्या आतही तसा सांगाडा असतो, प्रथिनांच्या अगदी बारीक धाग्यांचा. त्याच्या जोरावर तिचा लांबलचक दोरा ताठ राहतो. त्या दोऱ्यावर चरबीचं वेष्टण असतं, विजेच्या तारेवर रबर असतं तसं, आणि ते वेष्टणही प्रथिनांनीच धरून ठेवलेलं असतं. या पेशींची देखभाल करायला दुसऱ्या पेशी असतात, चांदणीच्या आकाराच्या. मेंदूला इजा झाली की या चांदण्या फुगतात आणि स्वतःच्या अंगात आणखी धागे विणतात. रबराच्या झाडाला चीर दिली की चीक येऊन घट्ट होतो ना, तसंच. म्हणजे कुठे घाव बसलाय ते चांदण्यांच्या धाग्यांवरून कळतं. मला ते धागे मोजायचेत. कच्च्या तेलात एक धातू असतो, तो काजळीतून अंगात जातो. त्यानं घाव बसतो का, एवढाच प्रश्न आहे.

माणसांवर हे बघता येत नाही. घुशी त्याच जमिनीत राहतात, तीच हवा घेतात, तुमच्याच पाट्यांवरचा कसावा चोरून खातात. म्हणून घुशी.

काम मात्र पुढे सरकत नाही. धाग्यांना रंग चढवणारं औषध परदेशातून बर्फात घालून येतं. ते लेगॉसच्या विमानतळावर अडकून पडलं आणि माझ्या हातात आलं तेव्हा बर्फाचं कोमट पाणी झालं होतं. दुसरं मागवलंय. इथे वीज जाते ती येतच नाही. मग मी बोडिजा बाजारातल्या मासळीवालीकडून बर्फ आणते. ती विचारते, "डॉक्टर, रोज बर्फ नेता, मासा कधीच नेत नाही. घरी काय थंड करता?" वर आता संप होणार म्हणतात. पगार नाही, विद्यार्थी नाहीत, नुसत्या घुशी आणि मी.

तुझ्या चुलीला माझ्यामुळे काही होणार नाही. मी फक्त बघणार आहे.

भावोजींना माझा नमस्कार. मला सायकलवर पुढे बसवून परीक्षेला न्यायचे, ते आठवतं का त्यांना, विचार.

रुकेवे


एकपेरुवे,
१७ मे १९९८

व्रेंदो, रुके.

विचारलं. म्हणाले, "कोण रुकेवे?" मग थोड्या वेळानं म्हणाले, "ती सायकलवर झोपायची." हे वाचून रडत बसू नकोस. त्या दिवसात त्यांनी बोललेलं तेवढंच एक वाक्य नीट होतं, आणि ते तुझ्याबद्दल होतं.

आता मला आई म्हणतात. सुरुवातीला मी सांगायची, "अहो, मी अवेरो." मग ते ओशाळायचे. आता नुसतं "हो रे बाळा" म्हणते आणि भरवते. मुलगा झाला नाही म्हणून सासू बोलायची, तिचाच मुलगा आता माझा झालाय.

तुझं पत्र मी चुलीपाशी बायकांना वाचून दाखवलं. भिंतीचं आणि काठ्यांचं त्यांना पटलं. चांदण्यांवर हसल्या. मग आमची म्हातारी इजिरेफे उठली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सगळं ठीक आहे, पण तुझी बहीण शेवटी काय म्हणणार? चूल वाईट आहे, असंच ना?" मी म्हटलं, "ती फक्त बघणार आहे." म्हातारी म्हणाली, "बघणारे आधी बघतातच."

म्हणून तुला स्पष्ट लिहिते. तुझ्या शाळेचा कसावा कुठे वाळला? गणवेशाचा, पुस्तकांचा, इबादानच्या पहिल्या वर्षाचा? पावसाळ्यात उन्हाची तिरीप नसते तेव्हा याच चुलीनं आपल्याला तारलं. आई गेली त्या वर्षी मी तिथे पोटुशी असताना पाट्या उचलल्यात. तू त्या आगीवर शिकलीस, रुके. बघ हवं तेवढं, पण आमच्या पोटावर येईल असं काही लिहू नकोस.

दुसरा पिंजरा पाठवलाय. या वेळी ओगागाला शपथ घातली आहे.

अवेरो


इबादान,
४ ऑक्टोबर १९९८

ताई, मिग्वो.

एवढे महिने पत्र नाही, रागावली असशील. संप झाला, मिटला, पुन्हा झाला. मधे मला हिवताप येऊन गेला. औषध शेवटी चांगलं मिळालं, रंग चढला.

काय दिसलं ते लिहिते. इथल्या रानातल्या घुशी, जिथे आसपास कसलीच चूल नाही, त्यांच्या मेंदूत चांदण्या विरळ, हातपाय बारीक. तुझ्याकडच्या घुशींच्या मेंदूत त्या दाट आहेत, जाड आहेत, एकमेकींत अडकल्यात. दोऱ्यांवरचं वेष्टण जागोजागी उसवलंय. आतले धागे सरळ जायचे सोडून मधेच गोळा होऊन बसलेत. मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना. एका सहकाऱ्याला काचपट्ट्यांवरची नावं झाकायला लावली, सगळ्या मिसळायला लावल्या आणि पुन्हा बघितल्या. तरी कुठली कुठची ते ओळखता आलं.

याची मी वर्षानुवर्षं वाट बघत होते. दिसल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. पण मी सूक्ष्मदर्शकावरून उठले, खिडकीपाशी गेले आणि नुसती उभी राहिले. मला फळ्यासमोर खडू धरून उभे असलेले भावोजी दिसत होते. घुशीत दिसतं ते माणसात असेलच असं नाही, हे मीच मुलांना शिकवते.

हे मला छापावं लागेल. त्यात गावाचं नाव घालणार नाही. आणि ताई, तू तिथे जाऊ नकोस. निदान पाट्या ठेवून लांब बस. तोंडाला ओलं फडकं बांध. भावोजींना तर मुळीच नेऊ नकोस.

रुकेवे


एकपेरुवे,
२० डिसेंबर १९९८

व्रेंदो.

तुझं पत्र वाचलं, एकटीनंच. या वेळी बायकांना वाचून दाखवलं नाही.

ओलं फडकं बांधून बघितलं. चुलीपाशी ते किती वेळ ओलं राहील असं तुला वाटतं? लांब बसलं तर बकऱ्या येतात. आणि मास्तरांना कुठे ठेवू? घरी एकटे ठेवले की ओढ्याकडे जातात. चुलीपाशी माझ्या डोळ्यांसमोर असतात, ऊब त्यांना आवडते, गप्प बसतात. तू मला जे जे करू नकोस म्हणतेस त्यातलं एकही मला टाळता येण्यासारखं नाही, रुके. इथे राहून सांग, मग ऐकते.

पण एक चांगली बातमी आहे. गेल्या आठवड्यात जीप भरून माणसं आली. डोक्यावर टोप्या, हातात लांब फीत. चुलीभोवती फिरून मापं घेतली. आमच्याशी नीट बोलली, एकानं तर इजिरेफेला बसायला स्वतःची खुर्ची दिली. विचारत होते, रोज किती बायका येतात, कुठल्या वाटेनं येतात. इजिरेफे म्हणते, आमच्यासाठी छप्पर घालणार, पावसात पाट्या भिजू नयेत म्हणून. काहीजणी म्हणतात, चूलच विझवून वायू नळानं नेणार आणि आम्हाला दुसरं काम देणार. तुझ्या छापण्यामुळे हे झालं असेल तर मी तुला उगाच बोलले.

नाताळला बांगा सूप करीन. तू येणार नाहीस, माहीत आहे. तुझ्या वाटचं खाईन.

अवेरो


इबादान,
९ फेब्रुवारी १९९९

ताई, मिग्वो.

तुझं पत्र वाचून किती हायसं वाटलं म्हणून सांगू. आता मीही तुला सांगते. नोव्हेंबरमध्ये लेगॉसला एका सभेत मी माझं काम वाचून दाखवलं. संपल्यावर एक गृहस्थ भेटायला आले, कंपनीचेच. मला वाटलं भांडतील. पण ते अगदी सौम्य, केस पिकलेले, म्हणाले, "बाई, आम्हालाही मुलंबाळं आहेत. कुठली जागा ते कळल्याशिवाय आम्ही दुरुस्त तरी काय करणार?" मी गावाचं नाव सांगितलं. तुला दिलेला शब्द मोडला, पण भल्यासाठी मोडला असं वाटत होतं, आणि आता तर खात्रीच झाली. तीच माणसं आली असणार.

दहा वर्षं मी काचपट्ट्या बघतेय. त्यातलं काही प्रयोगशाळेच्या दाराबाहेर गेलं असं कधी झालं नव्हतं. काल बर्फ आणायला गेले तेव्हा मासळीवालीकडून मासाही घेतला. ती म्हणाली, "आज काय, लग्न आहे का घरी?"

चूल विझली की लगेच कळव.

रुकेवे


एकपेरुवे,
२५ एप्रिल १९९९

रुकेवे,

चूल विझलेली नाही.

त्यांनी कुंपण घातलंय. पुरुषभर उंचीच्या वर, काटेरी तारेचं. चारी बाजूंनी पोलीस. फाटकावर पाटी लावली आहे, इंग्रजीत आणि आपल्या भाषेत: 'आपल्या आरोग्यासाठी प्रवेश बंद. शास्त्रज्ञांच्या सल्ल्यावरून.' मास्तरांनी ती मोठ्यानं वाचली. वाचता अजून येतं त्यांना.

आग तशीच जळते आहे. काजळी कुंपणावरून येते, तिला कुणी अडवत नाही. अडवलंय ते आम्हाला. पहिल्या दिवशी इजिरेफे कसाव्याची पाटी डोक्यावर घेऊन तशीच पुढे गेली. पोलीस म्हणाला, "म्हातारे, मागे हो, तुझ्या डोक्याला अपाय होईल." तिनं ऐकलं नाही तेव्हा त्यानं तिला ढकललं आणि सगळा कसावा चिखलात गेला. तिथेच बसून ती एकेक गाठ वेचत होती. मी वेचायला वाकले तर म्हणाली, "तू हात लावू नकोस. तुझी बहीण शास्त्रज्ञ आहे."

बाजारात आता माझ्याशी कुणी बोलत नाही. पाऊस सुरू झालाय. उन्हाचा पत्ता नाही, कसाव्यावर हिरवी बुरशी येते, ती खरवडून आम्ही तो खातो, विकायला काही उरत नाही.

तू गावाचं नाव सांगितलंस. एका पिकल्या केसांच्या माणसानं गोड बोलून विचारलं आणि तू सांगितलंस. एवढं शिकून!

मला पत्र लिहू नकोस.

अवेरो


इबादान,
३० मे १९९९

ताई, मिग्वो.

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते आहे. मी कंपनीला पत्रं घातली, सरकारी कार्यालयात जाऊन बसले, वर्तमानपत्रवाल्यांना भेटले. एकानं विचारलं, "म्हणजे कुंपण घातलं ते तुमच्या म्हणण्याप्रमाणेच झालं ना?" मी कागद गोळा करून उठले.

ओगागाबरोबर थोडे तांदूळ आणि भावोजींसाठी दुधाची पावडर पाठवली आहे. परत पाठवू नकोस, तो वाटेत संपवेल.

रुकेवे


इबादान,
१२ सप्टेंबर १९९९

ताई, मिग्वो.

तांदूळ परत आले नाहीत, एवढ्यावरच मी समाधान मानलंय.

गेल्या आठवड्यात बेनिनला चौकशी समिती बसली. तुमच्याकडच्या तरुण पोरांनी चुलीबद्दल तक्रार केली होती, तिची. मला साक्षीला बोलावलं. मी काचपट्ट्यांची चित्रं भिंतीवर दाखवली, चांदण्या, उसवलेलं वेष्टण, सगळं. कंपनीचा वकील तरुण होता, चांगल्या कपड्यांतला. तो उठून म्हणाला, "डॉक्टर, हे सगळं फारच सुंदर आहे. पण एक सांगा, या गावात घुशी राहतात की माणसं?" लोक हसले. मग म्हणाला, "एका तरी माणसाच्या मेंदूत तुम्ही हे पाहिलंय का? एका?" मी म्हटलं, "नाही." तो बसला. बस एवढंच. तिथल्या तिथे संपलं.

येताना तुझ्या गावाच्या वळणापर्यंत आले होते. ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. आकाश तांबडं दिसत होतं. मग त्याला म्हटलं, चल.

मला फार थकवा आलाय, ताई. वयाचा नाही, ते कळतं मला. कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि तुझ्याशिवाय कुणी सुचलं नाही. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

रुकेवे


एकपेरुवे,
२१ नोव्हेंबर १९९९

व्रेंदो, रुके.

मास्तर गेले. ऑक्टोबरच्या शेवटी. ओढ्यात नाही, घरात, माझ्या मांडीवर. मी घास भरवत होते, तो गिळायचा राहिला.

परवा माती दिली. तुला मुद्दामच कळवलं नाही. तू आली असतीस तर ओकिएमुतेनं अंगणातच तुझा हिशेब केला असता. का ते आता सांगते.

तुझं सप्टेंबरचं पत्र मला समजलं. तू तोंडानं म्हणाली नाहीस, तुझा स्वभावच तसा. लहानपणी भूक लागली तरी 'ताई, भांड्यात काही आहे का गं' एवढंच विचारायचीस. 'एका तरी माणसाच्या मेंदूत' हे तू मला उगाच लिहिलं नसतंस. मी ते पत्र उशाखाली घेऊन झोपले. मास्तर तेव्हा होते. त्यांच्या डोक्यावरून हात फिरवताना माझ्या मनात यायचं, आत काय झालंय ते या माणसाला कुणी सांगितलंच नाही.

गेल्यावर, माती देईपर्यंत शवघरात ठेवायला म्हणून, मी त्यांना सापेलेच्या मिशन इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरला तुझं नाव माहीत होतं, इबादानला शिकताना कधी तुझं व्याख्यान ऐकलंय म्हणे. मी म्हटलं, "यांच्या डोक्यातलं काढून माझ्या बहिणीला पाठवायचंय." तो म्हणाला, "मामी, नीट विचार केलात ना?" मी म्हटलं, "विचार करून करून मी दमले आहे. कागद दे." सही केली. त्यानं काम नीट केलं, शिवून, वर टोपी घालून दिली. कुणाला कळलं नसतं. पण दिरानं टोपी सारखी करायला हात लावला.

अंगणात सगळ्यांसमोर तो ओरडला, "वहिनी, काय केलंस हे? माझा भाऊ तिकडे जाऊन आईबापांना ओळखणार कशानं?"

मी म्हटलं, "भाऊजी, इथे तरी कुणाला ओळखत होते? दीड वर्ष मला आई म्हणत होते. जे चालत नव्हतं तेवढंच पाठवलंय. चालत होतं ते सगळं त्यांच्याबरोबर आहे."

तो मारायला धावला. इजिरेफे मधे पडली. जी माझ्याशी बोलत नव्हती, ती. त्याच्यासमोर हात पसरून उभी राहिली आणि म्हणाली, "बेनिनला ते म्हणाले आम्ही घुशी आहोत. बघू देत एकदा." मग तो खाली बसला आणि मोठ्यानं रडायला लागला. माझ्याहून जास्त तोच रडला. माझं पाणी आधीच संपलं होतं.

बादली ओगागा घेऊन येतोय. झाकण घट्ट आहे. आत काय आहे ते त्याला माहीत आहे, त्यानं स्वतः विचारलं आणि मी सांगितलं. पुढच्या सीटवर ठेवीन म्हणाला.

तू मागितलंस ते पाठवलंय. आता बघ.

अवेरो


इबादान,
५ मार्च २०००

ताई, मिग्वो.

मी मागितलं नव्हतं.

हे आधी लिहिते, नाहीतर पुढचं काही लिहिता येणार नाही. ते पत्र मी फक्त दमून लिहिलं होतं. तुझ्याकडे असलं काही मागायची हिंमत मला या जन्मात झाली नसती. ओगागानं बादली माझ्या टेबलावर ठेवली, टोपी काढली आणि गेला. मी दार लावून घेतलं. बरेच दिवस मी त्या खोलीत गेलेच नाही. मग वाटलं, तू अंगणात सगळ्यांपुढे उभी राहिलीस आणि मी एका बादलीपुढे उभी राहू शकत नाही.

काप मीच घेतले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रंग मीच चढवला. बर्फ आणायला गेले तेव्हा मासळीवाली नेहमीसारखं काही बोलणार होती, माझा चेहरा बघून थांबली. पैसे घेतले नाहीत.

आता ऐक. चांदण्या तशाच आहेत, दाट, जाड. वेष्टण तसंच उसवलंय, त्याच जागी. दोऱ्यातले धागे तसेच गोळा झालेत. चित्रं शेजारी शेजारी ठेवली तर घुशीचं कुठलं आणि भावोजींचं कुठलं हे आकारावरूनच काय ते कळेल.

पण आणखीही आहे. बारीक रक्तवाहिन्या तुंबून मेंदूत ठिकठिकाणी जुने डाग पडलेत. असे डाग चूल नसलेल्या गावातल्या माणसालाही पडतात, रक्तदाबानं पडतात, वयानं पडतात. विस्मरणात त्यांचा वाटा किती आणि काजळीचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. कुणालाच येणार नाही. आणि हा एकच मेंदू आहे. म्हणून भावोजी चुलीनं गेले असं मी म्हणू शकत नाही. घुशींत दिसलं ते एका माणसात दिसलं, एवढंच म्हणू शकते.

डागांचं मी वगळलं नाही. माझे वरिष्ठ म्हणाले, "ते खाली बारीक अक्षरात टाक." मी वरच टाकलं. तो वकील नेमकं तेच धरून बसेल, हे माहीत आहे. समितीकडे कागद गेलेत. सुनावणी पुढे ढकलली आहे, किती ते सांगत नाहीत.

एवढं करून तुला हाती द्यायला माझ्याकडे एवढंच आहे. रागावलीस तर तो तुझा हक्क आहे.

तुझे पाय कसे आहेत? हाताला मुंग्या येतात का? एकदा इबादानला ये, मी तपासणी करवून घेते. खरं सांग.

रुकेवे


एकपेरुवे,
२ एप्रिल २०००

व्रेंदो, रुके.

पत्र पोचलं. इजिरेफेला आणि दिराला एकत्र बसवून वाचून दाखवलं. डागांचं ऐकून दीर म्हणाला, "म्हणजे नक्की काहीच नाही?" इजिरेफे त्याला म्हणाली, "अरे, खोटं बोलायचं असतं तर तिनं डागांचं लिहिलं असतं का? आता बाकीचं खरं मानायला हरकत नाही." मग त्यानं विचारलं, "फार कापलं का?" मी म्हटलं, "तिनं स्वतः कापलंय." तेव्हा त्यानं मान हलवली.

तू मागितलं नव्हतंस म्हणतेस. असेल. मी तसं वाचलं. तू मागितलं असतंस तर कदाचित दिलंही नसतं.

चूल अजून जळतेच आहे. आम्ही आता चर्चच्या सिमेंटच्या ओट्यावर कसावा वाळवतो. पाद्री कुरकुरतो, पण रविवारी ओटा धुऊन देतो म्हणून चालवून घेतो. पावसाळ्यात काय करायचं ते अजून कुणाला सुचलेलं नाही. पलीकडच्या गावातल्या एका बाईनं निरोप पाठवलाय, तिचा नवराही मास्तरांसारखाच चालतो, डॉक्टरीणबाईंचा पत्ता द्याल का. मी दिला. विचारल्याशिवाय दिला, तूही माझ्या गावाचं नाव दिलं होतंस. फिटलं.

माझे पाय ठीक आहेत. ठीक नसते तरी हेच लिहिलं असतं, तेव्हा विचारण्यात अर्थ नाही. इबादानला येणार नाही. तूच ये, ईस्टरला. दीर काही करणार नाही, त्यानंच निरोप द्यायला सांगितलाय. आणि येताना मास्तरांचं जे उरलं असेल ते घेऊन ये. काचेवरचं तुला लागेल ते ठेव, बाकीचं आण.

गेल्या आठवड्यात थडग्यावर सिमेंट घालून घेतलं. डोक्याकडची हातभर जागा तशीच मातीची ठेवायला सांगितली. गवंडी हातात थापी धरून थांबला. म्हणाला, "मामी, एवढंसं कशाला सोडायचं? पावसाचं पाणी जाईल आत."

मी म्हटलं, "जाऊ दे. मास्तर अजून पूर्ण आलेले नाहीत."

अवेरो